सायकलीला नोकरीला लावा

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकवून ठेवलेल्या चार-सहा सायकली दिसतात. गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या, एखादी तर जुन्या स्कूटरच्या किमतीची. सीटवर धूळ आणि टायर रिमला टेकलेले. घेताना उत्साह खोटा नव्हता, मग तो टिकला का नाही? या प्रश्नावर एका आत्या-भाचीचा हा वाद आहे. आत्या सत्तरीची, सदाशिव पेठेतली, बँकेतून निवृत्त झालेली. तरुणपणी ती रोज सायकलवर कामाला जात असे आणि निवृत्तीनंतर पुन्हा सायकलवर बसू लागली. भाची चाळिशीच्या अलीकडची. कोथरूडला राहते, हिंजवडीला नोकरी करते आणि रविवारी ग्रुपबरोबर लांबवर जाते. सायकल दोघींनाही प्रिय आहे. पण ती रोज हातात यावी म्हणून काय करायचं, यावर दोघींचं जमत नाही.

भाची : आत्या, सायकली धूळ खातात त्या ध्येय नसल्यामुळे. ‘फिट व्हायचंय’ हे काही ध्येय नव्हे, ती नुसती इच्छा झाली. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीला, नाव नोंदव, मग बघ. गजर व्हायच्या आधी जाग येते.

आत्या : आमचा गजर व्हायचा तो डबे करायला. सायकल चालवायला मला कुणी प्रेरणा दिल्याचं आठवत नाही. बँक साडेदहाची, बस बेभरवशाची, म्हणून सायकल. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली असायच्या. ‘आज मूड नाही’ म्हणून त्यातल्या कुणी सायकल घरी ठेवली असेल असं वाटत नाही. खाडा झाला की पगार कापला जायचा.

भाची : म्हणजे ती सवय नव्हतीच, नाइलाज होता! पुरावा तुमच्याच पिढीचा देते. 1972 साली लूना मोपेड आली. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले, आणि नंबर लागला की सायकल माळ्यावर गेली नाहीतर भंगारात. सायकलींचं म्हणून नावाजलेलं शहर बघता बघता दुचाकींचं झालं. इतकी वर्षं रोज चालवूनही सवय टिकली नाही. तुझी तरी कुठे टिकली?

आत्या : नाही टिकली. मोपेड आली आणि सायकल गेली. पण यातून तुझं नाही, माझं म्हणणं सिद्ध होतं. सायकलीचं काम दुसऱ्या वाहनानं जास्त सोयीनं केलं, म्हणून ती गेली. आता उलटं बघ. मंडईत मोटार न्यायची म्हणजे जागा शोधत घिरट्या घालायच्या, आणि स्कूटर लावली तरी परत येईपर्यंत चार गाड्यांच्या मध्ये अडकलेली. तिथे सायकलच पुन्हा सोयीची झाली, म्हणून मी परत चालवायला लागले. तब्येतीसाठी नाही, भाजीसाठी.

भाची : हे अगदी कोपनहेगनकरांसारखं बोललीस. तिथली महापालिका लोकांना नेमानं विचारते की सायकल का चालवता. सगळ्यात जास्त लोक म्हणतात, लवकर पोचतो आणि सोपं पडतं. व्यायाम, पैसे, पर्यावरण हे सगळं त्याच्या मागून.

आत्या : झालं तर मग!

भाची : थांब, एवढ्यात जिंकू नकोस. तिथे सोपं पडतं, कारण रस्ता तसा बांधलाय. नेदरलँडसुद्धा जन्मतः सायकलवेडा देश नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोटारी इतक्या वाढल्या होत्या की अपघातांत दरवर्षी शेकडो मुलं दगावत होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळच झाली. त्यातच 1973 चं तेलसंकट आलं. तेव्हा कुठे सरकारनं सायकलसाठी वेगळे मार्ग मनावर घेतले. आपल्याकडे महापालिकेनं 2017 साली सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात सायकल ट्रॅकवर काय दिसतं? लावलेल्या दुचाकी, पाणीपुरीची गाडी आणि मध्येच उगवलेला विजेचा डीपी. अशा शहरात ‘तुझी इच्छाशक्तीच कमी पडते’ असं माणसाला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

आत्या : सांगूच नये. भांडायचं तिथे भांडावं, मीही सही करीन. पण ट्रॅक होईपर्यंत सायकल खांबाला टेकवून ठेवायची का? मी कर्वे रस्त्यानं जातच नाही. आतल्या गल्ल्यांनी जाते. मोटारीला जो रस्ता जवळचा, तो सायकलीला बरा असेलच असं नाही. एका सुट्टीच्या सकाळी निवांत फिरून आपला रस्ता शोधून ठेवावा लागतो. कुठे वळण आंधळं आहे, कुठे चढ आहे, कुठली कुत्री मागं लागतात, सगळं. हे न करता सोमवारी थेट गर्दीच्या चौकात शिरलं, की मंगळवारी कुणाचंही मन मागं फिरेल.

भाची : बरं, पण माझं ऑफिस हिंजवडीत आहे. पूल, ट्रक, धूळ, आणि पावसाळ्यात रस्ता कोणता नि खड्डा कोणता ते कळत नाही. तुझा ‘कामाला सायकल’ हा मंत्र मला लागू कसा पडायचा? म्हणून तर ध्येय लागतं. बीआरएमचे नियम ठाऊक आहेत तुला? दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. वाटेत मदतीला गाडी नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं. ही शर्यतही नव्हे. पहिला आलेला आणि वेळ संपता संपता पोचलेला, दोघांची किंमत सारखी. चारही अंतरं एका मोसमात पुरी केली की ‘सुपर रँडोनर’ म्हणवून घेता येतं. माझ्यासारख्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईला एवढा मोठा पल्ला समोर दिसला, की आपोआप आठवड्याचा सराव ठरतो, खाणं ठरतं, झोप ठरते.

आत्या : आणि बीआरएम झाल्यावर?

भाची : झाल्यावर... थोडी विश्रांती.

आत्या : केवढी?

भाची : पुढची नोंदणी सुरू होईपर्यंत. हसू नकोस! शरीराला विश्रांती लागते.

आत्या : शरीराला चार दिवस लागेल. सायकलीला दोन-दोन महिने कशाला? तुझी सायकल हौशी आहे, कार्यक्रम असेल तेव्हा नटून निघते. तिला नोकरीला लाव. ऑफिसला नाही तर नाही, तीन किलोमीटरच्या आतलं एखादं काम तिच्या नावावर कर. लेकीचा क्लास, दळण, इस्त्रीचे कपडे, लायब्ररी, काहीही. अट एकच, की ते काम दुसऱ्या वाहनानं करायचं नाही. मग सायकल काढायची की नाही हा प्रश्नच सकाळी उठत नाही. प्रश्न उठतो तो ‘दळण आणायचं का’ एवढाच, आणि ते तर आणायलाच हवं.

भाची : तीन किलोमीटरनं काय होणार? व्यायाम म्हणून तो गणतीतही येत नाही.

आत्या : बँकेतली बाई आहे मी, गणित मला करू दे. तीन किलोमीटर म्हणजे रमतगमत पंधरा मिनिटं. जाऊन येऊन तीस. आठवड्यातून पाच दिवस. किती झाले?

भाची : दीडशे मिनिटं. अगं, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम किमान दीडशे मिनिटं तरी करा म्हणते!

आत्या : मग? दळणासकट झाला.

भाची : बरोबर आहे, पण ‘मध्यम श्रम’ म्हणजे दम थोडा लागायला हवा, रमतगमत चालणार नाही. आणि मला एक सांग, दळणाच्या फेरीत कधी अंगावर काटा येतो का? बोपदेव घाट पहिल्यांदा न उतरता चढले तेव्हा मला जे वाटलं, ते लायब्ररीच्या फेरीत नाही वाटत. सवय सवय म्हणून तू सगळा आनंदच काढून टाकतेस. नाशिकहून दरवर्षी आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलवारी निघते. शेकडो माणसं जातात. वर्षभर सायकलला हात न लावलेली माणसंसुद्धा वारीला जायचं म्हणून दोन महिने आधी सराव सुरू करतात. दळणासाठी करतील?

आत्या : आता मुद्द्यावर आलीस. वारकऱ्याचंच घेऊ. वारी वर्षातून एकदा, फार तर दोनदा. एकादशी पंधरवड्यानं. आणि हरिपाठ रोज. यातलं कुठलं सोडलं तर माळ उतरली म्हणतील?

भाची : तिन्ही धरायची असतात.

आत्या : धरायची तिन्ही, पण उरलेल्या दोन्हींना सांभाळतो तो हरिपाठ. तो छोटा आहे, घरातल्या घरात होतो, ताप असला तरी पडल्या पडल्या म्हणता येतो. तुझी बीआरएम ही वारी, रविवारची लांबची फेरी ही एकादशी. तुझ्याकडे हरिपाठच नाही. म्हणून दोन वाऱ्यांच्या मध्ये सगळं रिकामं.

भाची : हे पटण्यासारखं आहे. पण उलट बाजूही बघ. कित्येक माणसं आधी वारीत चालतात आणि मग हरिपाठाला लागतात. लहानशा नेमात ओढ नसते, ती मोठ्या गोष्टीतून येते. तुझ्या दळणाच्या फेरीनं कुणी सायकलच्या प्रेमात पडणार नाही. पडला तर घाटातच पडेल.

आत्या : पडू दे की घाटात. संसार मात्र दळणावरच चालतो.

भाची : आकड्यांबद्दल तुझं काय म्हणणं? मी प्रत्येक राइड मोबाइलवरच्या स्ट्राव्हा ॲपवर टाकते. तू नाक मुरडतेस ते मला दिसतं.

आत्या : मुरडते, कारण गेल्या पावसाळ्यात तुझी ती सलग दिवस मोजायची साखळी तापामुळे तुटली आणि तू महिनाभर सायकलकडे फिरकली नाहीस. ताप तीन दिवसांत उतरला होता.

भाची : खरंय. साखळी तुटल्यावर वाटलं, आता पुन्हा एकपासून मोजायचं. गंमत म्हणजे अभ्यास काही वेगळंच सांगतो. एकवीस दिवसांत सवय लागते असं जो तो म्हणतो, पण त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना साधारण एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा व्यायामाशी काय संबंध? पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना नवी सवय लावायला सांगून निरीक्षण केलं. 2010 साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी 66 दिवस निघाले, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर 18 पासून 254 पर्यंत. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागली, व्यायामाला वेळ लागला. आणि मध्ये एखादा खाडा पडला तरी सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही.

आत्या : हे तुला ठाऊक होतं, तरी महिनाभर बसलीस?

भाची : ठाऊक असणं आणि मोबाइलवर शून्य दिसणं यात फरक आहे, आत्या.

आत्या : तेच म्हणते मी. आकडा आपल्या कामाला ठेवावा, आपण त्याच्या कामाला राहू नये.

भाची : यावरही एक प्रयोग आहे. एडवर्ड डेसीनं 1971 साली विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काही जणांना सुटलेल्या प्रत्येक कोड्याचे पैसे दिले. नंतर पैसे बंद केले, तर आधी ज्यांना पैसे मिळाले होते ते मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी वळले. जे गमतीनं करत होते ते पैशासाठी करायला लागले, आणि पैसा गेला तशी गंमतही गेली. पण मला वाटतं, सगळे आकडे बक्षीस नसतात, काही नुसते आरसे असतात. गेल्या वर्षी ज्या चढाला मला अमुक वेळ लागला, त्याच चढाला आज कमी लागतो, हे घड्याळाशिवाय कळणार नाही. वजनाचा काटा महिनोन्महिने हलत नाही, तेव्हा हाच आरसा धीर देतो. त्यामुळे मी मोजणं सोडणार नाही. साखळी मोजायची तेवढी सोडते.

आत्या : चालेल. आता माझा आवडता विषय. लोक म्हणतात मनाची तयारी होत नाही. मी म्हणते, आधी टायर दाबून बघ. निम्म्या सायकली मनामुळे नाही, हवेमुळे बंद पडतात. ट्यूब पंक्चर नसली तरी तिच्यातून हवा हळूहळू जातच असते. पंधरा दिवसांनी सायकल काढली की जड जाते, आणि माणूस समजतो आपलाच दम गेला.

भाची : आणि माझ्या सायकलीला बारीक व्हॉल्व्ह आहे. पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसत नाही, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात झटकतो.

आत्या : म्हणजे हवेसाठी एक मोहीम, मग सायकल. कोण काढेल? घरात उभा पंप ठेव. हवा किती मारायची ते टायरच्या कडेला छापलेलंच असतं. आठवड्यातून एक वार धर. चेनला तेल, जास्तीचं फडक्यानं पुसून. कुलूप, दिवा, पिशवी सगळं सायकलीजवळच. चौथ्या मजल्यावर किल्ली विसरली की अर्ध्याहून जास्त लोक परत खाली येत नाहीत. आणि गॅलरीत कपड्यांच्या स्टँडमागे सायकल ठेवायची नाही, दाराशी ठेवायची.

भाची : सीटची उंची राहिली. नवे लोक घाबरून सीट खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत म्हणून. मग गुडघे दुखतात आणि सायकल बदनाम होते. पायडल खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. आणि जड गिअर दामटायचा नाही. हलका गिअर, पाय भरभर.

आत्या : माझ्या सायकलीला गिअर नव्हताच. दांडीही नव्हती. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी होती.

भाची : बाईचा विषय निघाला म्हणून सांगते. तू माझ्या ग्रुपला हसतेस. म्हणतेस, सायकलिंगला नाही, मिसळीला जाता.

आत्या : खडकवासल्यापर्यंत जायचं, मिसळ-पाव, वर भजी, वर चहा. जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट भरलं.

भाची : खाऊ दे ना! मिसळ नसती तर निम्मे लोक आलेच नसते. पण माझा मुद्दा वेगळा आहे. पहाटे साडेपाचला, अंधारात, सुनसान रस्त्यावर मी एकटी जाऊ का? पुरुषाला ग्रुप ही हौस असेल, मला ती गरज आहे. शिवाय कोपऱ्यावर चौघी थांबल्यात हे माहीत असलं की पांघरुणात राहायची लाज वाटते. प्रेरणा-बिरणा काही नाही, नुसती लाज. पण ती उपयोगी पडते.

आत्या : हे मात्र मी मानते. आम्ही दिवसाउजेडी जायचो, आणि रस्त्यावर आमच्यासारख्या शंभर बायका सायकलवर असायच्या. सगळं शहरच आमचा ग्रुप होतं, म्हणून वेगळा काढावा लागला नाही. तुम्हाला काढावा लागतो. पण त्या चौघी एखाद्या रविवारी आल्या नाहीत तर?

भाची : तर मी झोपते.

आत्या : म्हणून एक तरी फेरी अशी हवी, जी कुणावर अवलंबून नाही. उजेडातली, जवळची, ओळखीच्या रस्त्याची. आणि ती कधी हे आधी ठरलेलं हवं. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की जमत नाही.

भाची : पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हेच मांडलंय. ‘व्यायाम करीन’ असा नुसता संकल्प सोडण्यापेक्षा ‘अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असं ठरवलं तर ते पार पडायची शक्यता वाढते.

आत्या : त्याला एवढं शिकावं लागलं होय! बरं, ठरव मग.

भाची : सोमवार, बुधवार, शुक्रवार ऑफिस घरूनच असतं. त्या दिवशी संध्याकाळी लेकीला क्लासहून आणणं हे सायकलीचं काम. ती तिच्या सायकलवर, मी माझ्या. जास्त पाऊस असेल तर चालत जाऊ, पण स्कूटर नाही. रविवार ग्रुपचा. आणि डिसेंबरात तीनशेची बीआरएम, ती मी सोडणार नाही.

आत्या : सोडू नकोस. वारी सोड असं मी कधी म्हटलं? फक्त स्वतःला फसवू नकोस. आपल्याला सवय लागली की नाही हे कळायची एक परीक्षा सांगते. समज, आज रात्री सायकल चोरीला गेली. उद्या तुझं कुठलं काम अडेल? एकही अडणार नसेल, तर सवय लागलेली नाही, नुसती सायकल आहे.

भाची : आणि काम एकही अडलं नाही, पण दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं तर?

आत्या : तर मग माझी परीक्षा रद्द. पोलिसांत तक्रार दे आणि संध्याकाळच्या आत दुसरी सायकल घे.